चुकीचा निरोप

मेहरूण, जळगाव
९ मार्च २०२५

सौ. सुलक्षणा विहीणबाईंना कामिनीचा सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेवढं लिहून टाकते. अभिमनभाऊ व्याह्यांचा गुडघा कसा आहे? आमच्याकडे ऊन आत्ताच तापलंय. परवा गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या घातल्या. दीपमालाला डॉक्टरीणबाईंनी ऊन वर्ज्य केलंय, म्हणून ती जिन्यात सावलीला बसून मला हुकूम सोडत होती, ही जाड झाली, ती फाटली. सासूला कामाला लावणारी सून तुम्हीच दिलीत, भोगते आहे!

पत्र पाहून दचकू नका. फोन केला तर तुम्ही तो स्पीकरवर टाकता, आणि इकडे तिचे कान माझ्या तोंडाकडे.

तुमची काढ्याची बाटली शुक्रवारच्या एस.टी.ने पोचली. गुळवेल स्वतः कुटायची, उकळायची, बाटली फडक्यात गुंडाळून कंडक्टरच्या हाती द्यायची, हे तुम्ही एकही आठवडा चुकवलं नाही. रागावू नका विहीणबाई, पण आता पाठवू नका.

आमच्या स्वप्नीलने पहिल्यांदा सांगितलं होतं, 'प्रतिकारशक्तीचा आजार आहे, ल्युपस म्हणतात.' तुम्ही-मी दोघींनी धरलं, की पोरीची शक्ती कमी पडतेय. करोनात आपण दुसरं काय ऐकलं होतं? शक्ती वाढवा, काढे प्या. पण हे उलटं निघालं. तिची शक्ती कमी नाही, बहकलीय.

डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. अंगात रोगजंतू शिरला की आतून निरोप जातो, आणि राखणदार पेशी धावून येतात. हिच्या अंगात कोणी शिरलेलं नसताना निरोप जातोय, आणि तो थांबतच नाही. मला आमचे नशिराबादचे तोतारामनाना आठवले. ते गेल्याचा चुकीचा निरोप भुसावळपर्यंत पोचला होता. माणसं गाड्या करून रडत आली, आणि नाना ओट्यावर चहा पीत बसलेले! तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. दीपमालाच्या अंगात मात्र ती माणसं काठ्या घेऊन येताहेत, आणि घरच्यांनाच झोडपताहेत. 'परत जा, इथे काही झालेलं नाही' असं त्यांना सांगायला कोणी नाही. गोळ्या सांगतात, पण हळू.

अजून एक आहे. मघापासून टाळतेय. गालांवरचे चट्टे, सांधे, हे तुम्हाला माहीत आहेच. आता सूज किडनीवर आलीय. पुढच्या आठवड्यात मोठी औषधं सुरू होतील. काढ्यामुळेच झालं असं सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काढ्यामुळे नाही झालं, असंही म्हणाल्या नाहीत. आधीच चेकाळलेल्या शक्तीला आणखी उचकवू नका, काढा आजपासून बंद, एवढं त्यांनी तिच्या तोंडावर बजावलं.

ती तिथे मान डोलावून आली आणि घरी दाराआड प्यायला लागली. काल मी पकडलं. रडू आलं की ती तुमच्या अहिराणीत शिरते. म्हणाली, "आईना हातनं शे, कसं फेकू? मन्ही आई म्हणस, बठ्ठं पी ले बेटा, एक थेंब बी ठेवू नको." मग माझे हात धरून शपथ घातली. "आईले सांगू नका. तिले वाटी, तिनाच हातनं हुयनं."

मी ओरडले, हात जोडले. स्वप्नीलने कालपासून अबोला धरून पाहिला. तिच्यापुढे आमचं कोणाचं चालत नाही. बाटली घेऊन मी मोरीपर्यंत गेले आणि तशीच परत आले. तुम्ही कुटून पाठवलेलं माझ्याच्यानंही ओतवेना. मला भीती वाटते विहीणबाई, फार भीती वाटते.

तिने घातलेली शपथ मोडून हे लिहिलंय. आपल्याच हातून झालं असं तुम्हाला वाटणारच, ते मला थांबवता येणार नाही. पण तुम्ही या. लेकीकडे रिकाम्या हाती जायची रीत नाही, तरी या वेळी तशाच या. आणि ती बाटली तिच्या डोळ्यांदेखत तुम्ही तुमच्या हातानं ओता. दुसऱ्या कोणी ओतली तर ती ऐकणार नाही.

तुमच्या लेकीपुढे हात टेकलेली,
कामिनी