गरम तारेचा मांडव

उत्तर अलास्का
९ जानेवारी २०२५

ती. मालिनी मावशीस,
ज्ञानदाचा सा. न. वि. वि.

इथे फोन लागत नाही, उपग्रहावरून फक्त मजकूर जातो. तेव्हा तुझ्या आवडीची, मायना घातलेली पत्रंच लिहीन.

आधी गुन्हा कबूल करते. तू पाठवलेल्या मटकीला मोड आणायला उबेची जागा हवी होती. संशोधन-ठाण्यावर तशी एकच, नमुने सुकवायची पेटी. तिच्यात खाण्याचं काही ठेवायचं नाही असा लेखी नियम आहे. मी ओल्या फडक्यातली पुरचुंडी खालच्या खणात सरकवली. वरच्या खणात बर्फात सापडलेली उल्का होती. सकाळी मटकीला मोड आले होते आणि उल्केच्या भेगेतून एक जांभळा कोंब डोकावत होता.

पहिल्या दिवशी आम्ही नाचलो. आज सहावा दिवस, आणि वेल वीस फूट झाला आहे. कापला तर प्रत्येक तुकडा फुटतो, ओढला तर आणखी घट्ट धरतो. त्याच्या चिकाने आमच्या मेकॅनिकचा, जोचा तळहात भाजला. वेलाला ऊब लागते, म्हणून आता त्याने जनरेटरच्या नळ्यांना विळखा घातलाय. बाहेर उणे चाळीस आहे आणि वादळामुळे दहा दिवस विमान येणार नाही. जनरेटर थांबला तर आम्ही चौघंही संध्याकाळपर्यंत गोठू. आमच्या प्रमुख डॉ. कॅरल सारखं विचारतात की उल्केतल्या बीला ओल मिळालीच कुठून. मी अजून सांगितलेलं नाही. मला फार भीती वाटते, मावशी.

लोभ असावा, रागावलीस तरी असावा.
तुझी ज्ञानदा


रेडमंड
१० जानेवारी २०२५

चि. ज्ञानदास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं, उपाय सांगते. पण आधी कॅरलबाईंना खरं सांग. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

आता ऐक. मागच्या उन्हाळ्यात माझा दोडका शेजाऱ्यांच्या कुंपणावर चढला. तुझे राजेशकाका कात्री घेऊन धावले. मी म्हटलं, वेलाला तोडू नये, वाट द्यावी. सुतळी बांधून आपल्या बाजूला मांडव घातला, आठ दिवसांत स्वारी मुकाट्याने इकडे आली. तुमच्या वेलाला ऊब हवी ना? मग उबेचाच मांडव घाला, आणि तुम्हाला हवा तिकडे न्या. मुळं रोवली आहेत का तेवढं बघ. नसतील तर सगळाच्या सगळा सरकेल. घाई मात्र करू नका, वेलाला घाई कळत नाही.

काका हसतात, म्हणतात की तिथे मोठमोठे शास्त्रज्ञ बसलेत, त्यांना दोडका काय शिकवतेस. हसू देत. शेतकीची पदवी घेऊन इथे अमेरिकेत आले त्याला सव्वीस वर्षं झाली, ती अजून बॅगेतच आहे. पण शिकलेलं डोक्यात आहे.

रोज दोन ओळी तरी पाठव, माझा जीव थाऱ्यावर नाही.
तुझी मावशी


उत्तर अलास्का
१८ जानेवारी २०२५

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

जिंकलो! रोजच्या दोन ओळींत मावत नव्हतं ते आज सविस्तर लिहिते.

कॅरलना सगळं सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, तुझी मावशी आणखी काय म्हणते? मुळं नव्हतीच, नुसते ताणे होते. पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून त्यांना गुंडाळतात ती गरम तार जोने एका हाताने उकलली. जनरेटरच्या खोलीपासून बाहेरच्या रिकाम्या शेडपर्यंत आम्ही तिचा मांडव घातला. मग आतली ऊब कमी होऊन वेल तारेकडे वळावा म्हणून जनरेटरच्या खोलीचं दार उघडं टाकलं आणि कोट घालून कुडकुडत बसलो.

दोन दिवस वेल हलला नाही. जो म्हणाला, कुऱ्हाडच बरी. मी म्हटलं, वेलाला घाई कळत नाही. तिसऱ्या दिवशी एका ताण्याने नळी सोडली आणि तार धरली. काल दुपारी शेवटचं टोक उंबऱ्याबाहेर गेलं. तारेचं बटण बंद करायला कॅरलनी मलाच पुढे केलं. त्या म्हणाल्या, “यू स्टार्टेड इट, ज्ञानदा. यू फिनिश इट.” पाव तासात वेल गोठून वाळल्या कुरडईसारखा कडक झाला. आता तो पोलादी पिंपात बंद आहे, बर्फातच राहील.

जोने मला उचलून गरगर फिरवलं. नंतर तुझ्या उरलेल्या मटकीची उसळ झाली. मोड यापुढे स्वयंपाकघरातच आणायचे, असा नवा लेखी नियम निघालाय. कॅरल अहवाल लिहिताहेत आणि त्यांनी तुझं पूर्ण नाव आणि शिक्षण विचारून घेतलं.

लोभ आहेच, शिवाय मटकीही पाठव.
तुझी ज्ञानदा


रेडमंड
२४ जानेवारी २०२५

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

अहवाल पोचला. पहिल्याच पानावर लिहिलंय की उपाय सुचवला मालिनी राजेश देवधर, कृषिपदवीधर, यांनी. तीनदा वाचलं. मग गॅसवरचं दूध उतू गेलं तरी रडत उभी राहिले. काकांनी आमच्या गल्लीतल्या चार घरांत ते पान नेऊन दाखवलं, आणि पदवीसाठी फ्रेमही तेच घेऊन आले. कागद घडीवर जरा फाटलाय, पण नाव शाबूत आहे. दोडक्याचा मांडव दिसतो त्या खिडकीशेजारी लावलाय.

मटकी आजच टपालात टाकली. ओल्या पुरचुंडीवर नजर ठेव, आणि माझ्यावरचा लोभ असाच वेलासारखा वाढू दे.

तुझी मावशी,
मालिनी देवधर, बी.एस्सी. (कृषी)