नऊ महिने न निवळलेली बिअर

लोअर हॅडस्टन, डर्बीशायर
१७ मे

आदरणीय सेल्विन बॅगशॉ यांना कथबर्ट लोमसचा टोपी काढून नमस्कार.

हे पत्र न फोडताच तुम्ही शेगडीत टाकलं नसेल, तर पहिला घाट पार झाला असं समजतो. आठवत नसेल म्हणून ओळख देतो : मी तुमच्या धाकट्या बहिणीचा, एनिडचा, नवरा. मागच्या ऑगस्टपर्यंत आपण एकमेकांना अरे-तुरे करत होतो, पण तो हक्क आता माझ्याकडे उरला आहे की नाही याची खात्री नसल्याने अहो-जाहो करतो आहे. तुमचा डावा गुडघा कसा आहे? कुत्री बरी आहे ना? घेवडा वर चढू लागला का? मधल्या टेकडीमुळे तुमच्याकडे थंडी आठवडाभर जास्त रेंगाळते, असं एनिड सांगायची. (पाच मैलांवर राहणाऱ्या माणसाची खुशाली मला पोस्टाने विचारावी लागते आहे याची लाज वाटते, पण ते पुढे येईलच.)

आमच्याकडे सगळं क्षेम आहे, बिअर सोडून. मागच्या ऑगस्टात गावच्या फुलाफळांच्या प्रदर्शनात घरगुती बिअरचा परीक्षक म्हणून मी काय केलं, हे तुम्हाला सांगायला नको. ओळीने चार वर्षं तुमचा पहिला नंबर. पाचव्यांदा आला असता तर तो लाकडी मग कायमचा तुमच्या घरी राहिला असता. आणि मी तुमचा ग्लास तंबूच्या दाराशी उजेडात धरला, मान हलवली आणि कार्डावर एकच शब्द लिहिला : 'गढूळ'. त्यावर तुम्ही भर तंबूत, जॅमच्या बरण्या मांडणाऱ्या बायकांच्या देखत, जे बोललात ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. अपमान झाल्यासारखा मी घरी आलो आणि ठरवलं की या माणसाला बिअर स्वच्छ म्हणजे कशी असते ते करूनच दाखवायचं.

पहिलं पिंप सप्टेंबरात लावलं. माल्ट, हॉप्स, यीस्ट, सगळं एनिडच्या वहीत लिहिलंय तसं. पंधरा दिवसांनी ग्लास भरून उजेडात धरला, तर आत धुकं! म्हटलं, होतं असं, बसेल गाळ. महिना गेला, धुकं तिथेच. मग तळघरात बुटांनी चालणं बंद केलं, हादऱ्याने गाळ ढवळला जाऊ नये म्हणून. मोजे घालून चोरासारखा खाली उतरायचो. धुण्याचं मशीन बंद ठेवलं आणि चार आठवडे शर्ट बादलीत धुतले. शेजारच्या मिसेस हीथकोट दार आपटतात, त्यांना विनंती करून आलो. (त्यांनी लगेच मान्य केलं आणि तेव्हापासून त्या दार उघडंच ठेवतात, त्यामुळे त्यांची मांजर माझ्याकडे राहते.) गाळ खाली बसावा म्हणून पिंपात समुद्री शेवाळ घातलं, माशाच्या फुग्याची भुकटी घातली, अंड्याचा पांढरा बलक घातला. जानेवारीत दुकानातलं जिलेटिन संपलं होतं, म्हणून फडताळात सापडलेली रासबेरी जेलीची पुडी घातली. बिअर गुलाबी झाली, आणि तरीही धूसरच.

आता लोकांचं ऐका. दर पिंपाची बाटली मी डोळ्यांत तेल घालून तपासायचो आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायचो. सगळे एका सुरात म्हणायचे, "वा कथबर्ट, काचेसारखी स्वच्छ!" पण आपली माणसं तुम्हाला ठाऊकच आहेत. कुणाच्या घरचा केक वीट होऊन आला तरी आपण 'वेगळाच लागतोय' म्हणून दुसरा तुकडा मागून घेतो. त्या गुलाबी बिअरलासुद्धा पाद्रीबाई म्हणाल्या, "काय गोड रंग आलाय!" ज्या तोंडांनी गुलाबी बिअरचं कौतुक केलं, त्यांच्या 'स्वच्छ'वर मी काय म्हणून विश्वास ठेवायचा? वाईटाला तोंडावर वाईट म्हणणारं या गावात एकच माणूस होतं, आणि तिला जाऊन तीन वर्षं झाली. एनिडने एक घोट घेऊन सरळ सांगितलं असतं. खरं सांगतो, त्या नऊ महिन्यांत मला तिची आठवण सगळ्यात जास्त तळघरात यायची.

मागच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी सातव्या पिंपाची बाटली फोडली आणि आपल्या आजोबांच्या काळापासूनची परीक्षा घ्यायला बसलो : ग्लासामागे वर्तमानपत्र धरायचं आणि बिअरमधून वाचता येतं का बघायचं. एक अक्षर लागेना. तेवढ्यात मिसेस हीथकोट मांजर न्यायला आल्या. माझ्या खांद्यावरून वाकल्या, नेहमीप्रमाणे "काय स्वच्छ आहे हो" म्हणाल्या, आणि एकदम किंचाळल्या, "अरे देवा! नॉरिस बूथरॉइड गेला? त्याच्याकडे माझी शिडी आहे!"

सेल्विन, माणूस शिष्टाचारापोटी केकचं कौतुक करील, गुलाबी बिअरचं करील, पण शिष्टाचारापोटी नॉरिस बूथरॉइडला कुणी मारणार नाही. त्यांनी निधनवार्तेची बारीक अक्षरं माझ्या बिअरमधून वाचली होती! मी हळूच ग्लास बाजूला ठेवला आणि नुसतं वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं. तेही धुक्यात. नऊ महिन्यांत ग्लास काढून बघायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. सुचणार कसं? न्याहारीच्या वेळी पेपर एनिड मोठ्याने वाचायची. ती गेल्यापासून तो मी फक्त बिअरमागे धरतो. बाकी धूसरपणाचं खापर मी कळकट खिडक्यांवर आणि पुचाट दिव्यांवर फोडत आलो होतो.

सोमवारी चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "मिस्टर लोमस, तुम्ही इथपर्यंत आलात कसे?" म्हटलं, बसने. ती म्हणाली, "चालवत नव्हतात ना?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजवा इतका पिकलेला की माझं कुठलंच पिंप कधी इतकं मुरलं नसेल.

म्हणून हे पत्र. तंबूतलं तुमचं वाक्य आता लिहूनच टाकतो. तुम्ही म्हणाला होतात, "डोळे फुटलेत का तुझे, कथबर्ट? जाऊन तपासून घे!" नऊ महिने मी त्याला शिवी समजत होतो. तुम्ही बहिणीसारखेच निघालात. सबंध पंचक्रोशीत खरं बोलणारे तुम्ही एकटेच उरला होतात, आणि नेमकं तुमच्याशीच मी बोलणं टाकलं. माझं चुकलं. मनापासून माफी मागतो. प्रदर्शन समितीला मी लिहून दिलं आहे की यंदा तंबूच्या दाराशी, सगळ्यांना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत, एक कार्ड लावावं : 'मागच्या वर्षीची बॅगशॉ यांची बिअर स्वच्छ होती. परीक्षक गढूळ होता.' त्या लाकडी मगाचं काय करायचं ते समिती ठरवो. परीक्षकपदाचा राजीनामा मी त्याच पाकिटात घातला आहे.

गुडघ्याची काळजी घ्या.

आपला,
कथबर्ट लोमस

ता. क. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नऊ जूनला, मंगळवारी आहे. घरी न्यायला आणि पुढचे चोवीस तास सोबतीला कुणीतरी हवं, असा इस्पितळाचा नियम आहे. मिसेस हीथकोट यायला तयार आहेत, पण डोळा निखळून हातात आला तरी त्या 'किती छान दिसतोय' म्हणतील. फॉर्मवर 'जवळची व्यक्ती' या रकान्यात मी तुमचं नाव घातलं आहे. न विचारता घातलं, हे खरं. दुसरं कुठलं नाव सुचलंच नाही.

ता. क. दोन. मागच्या ऑगस्टातली एखादी बाटली शिल्लक असेल तर घेऊन ये. बुधवारी सकाळी पट्टी निघेल, तेव्हा सगळ्यात आधी ती उजेडात धरून बघायची आहे. (माझी चालणार नाही. बाटल्यांतली बिअर स्वच्छच होती म्हणे, पण ती गावाला दाखवण्यातच संपली. पिंपांत उरलेलीला निवळवायला मी जे जे घातलं, त्याने आता ती खरोखर गढूळ झाली आहे. मांजरही हुंगून परत गेली.)

ता. क. तीन. माझं अक्षर मला नीट दिसत नसल्याने हे पत्र मिसेस हीथकोटना वाचायला दिलं होतं. त्या म्हणाल्या, "अगदी छान लिहिलंय." म्हणजे पत्र कसं झालं आहे ते मला अजून कळलेलं नाही. ते तूच येऊन सांग.