रकाना नववा : हवा पूर्ण सोडली का?

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
कामगार आरोग्य कार्यालय.

विषय : रकाना ९ मध्ये खरे लिहिल्यामुळे नामंजूर झालेल्या बदली-अर्जाचा फेरविचार होणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, शेरा, 'तपासणी अपूर्ण, अर्जदाराचे सहकार्य नाही.'

महोदय,

१. मी एकतीस वर्षे काच कारखान्यात भट्टीवर आहे. वितळलेली काच नळीच्या टोकाला घेऊन फुंकायची, हे माझे काम. पूर्वी चार लिटरची बरणी एका दमात फुगवत असे. आता अर्ध्या लिटरच्या बाटलीला दोनदा थांबतो, आणि आपण थांबलो तरी काच थांबत नाही, लोंबते. म्हणून बाटल्या पारखण्याच्या खोलीत बदली मागितली होती.

२. तपासणीत नाकाला चिमटा लावून यंत्राच्या नळीत तीनदा फुंकले. तपासनीस बाई "सोडा, सोडा, अजून सोडा" म्हणत होत्या. डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत सोडली. मग विचारले, "बाई, सगळी निघाली का?" त्या म्हणाल्या, "सगळी कुणाचीच निघत नाही, बाबा. धडधाकट माणसाचीही लिटर-सव्वा लिटर आत राहतेच. तुमच्यासारख्यांची तर जास्तच अडकते."

३. मी अक्षरे पन्नाशीनंतर शिकलो. अर्ज स्वतः भरण्याची ही पहिलीच वेळ. रकान्यात विचारले होते, "हवा पूर्ण सोडली का?" मी "नाही" लिहिले. पत्नी म्हणाली, "अंगठा उठवत होता तेच बरं होतं. निदान अंगठा खरं तरी बोलत नव्हता."

४. आपल्या कार्यालयात गेलो असता कारकून साहेब म्हणाले की खाडाखोड चालत नाही आणि नव्या तपासणीची पाळी दोन महिन्यांनी येईल. "तोवर दम धरा, आजोबा." मी विनंती केली की त्यांनीच एकदा पूर्ण हवा सोडून दाखवावी. तोंड लाल होईपर्यंत त्यांनी सोडली आणि म्हणाले, "संपली!" मी विचारले, "मग 'संपली' कशाच्या जोरावर म्हणालात?" त्यावर त्यांनी मला दम दिला. मला हवा आहे तो दम हा नव्हे.

५. सोमवारी सकाळी सातला भट्टीवर हजर न झाल्यास माझे नाव कमी होणार आहे. गेल्या मंगळवारी नळी तोंडात असताना मला धाप लागली आणि श्वास उलटा आत ओढला गेला. घसा पोळला. शेजारच्या गड्याने नळी हिसकावली म्हणून हा अर्ज लिहीत आहे. सोमवारी तो दुसऱ्या पाळीला आहे.

६. तरी अहवालाचे दुसरे पान वाचावे. पहिल्या सेकंदात मी सोडलेली हवा अपेक्षेच्या निम्मीही नाही, असे तिथे आपल्याच यंत्राने छापले आहे. रकाना ९ मध्ये "होय" लिहिण्याची वेळ माझ्यावरही एकदा येईल, पण त्या दिवशी लिहायला मी नसेन. कृपया तिची वाट न पाहता सोमवारपूर्वी आदेश व्हावा.

शनिवारपर्यंत आपल्या दाराशी बसून असणारा,
आपला नम्र,
(सही स्वहस्ते)
काच फुंकणारा, भट्टी क्र. २
दिनांक : १४, गुरुवार

सोबत :
१. तपासणी अहवाल, दोन्ही पाने.
२. कालच्या पाळीतली बाटली, एक. मान वाकडी आहे, जपून धरावी.