आनेकेबाई काय म्हणाली होती

थांगमार, लुंगनाक खोरं
१९ जुलै २०१७

प्रिय चोरोल,

जुले. तुझं पत्र परवा घोडेवाल्या पाल्दनच्या हाती पोचलं. तुझी प्रकृती बरी आहे, जम्मूचा उन्हाळा अंगावर घ्यायला शिकलीस आणि नर्सिंगच्या परीक्षेत वर्गात तिसरी आलीस, हे ऐकून आईने पाल्दनला दोन वेळा चहा दिला. घाबरू नकोस. पत्राचा तेवढाच भाग मी तिला वाचून दाखवला.

इकडे सगळं ठीक. जव गुडघ्याएवढे वाढलेत, मटाराला फुलं आली आहेत. काळी झोमो व्याली, कालवड झाली. रस्त्याचे सुरुंग आता रोज दुपारी ऐकू येतात. दोन वर्षांत जीप दारात येईल म्हणतात, आईचा विश्वास नाही. तिने तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत. जम्मूत मोजे कशाला, म्हटलं तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मी लांबण लावतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

सुट्टीत आली होतीस तेव्हा माझ्या पत्र्याच्या पेटीत तुला हॉलंडची सोळा कार्डं सापडली. तू लिहितेस, ‘आबा, ही आनेके नावाची बाई दर वर्षी विचारते, तुमचा भाऊ कसा आहे. एका कार्डात म्हणते, तो खाली यायला तयार नव्हता तरी बरा झाला याचा आनंद वाटतो. आबा, कोण तयार नव्हतं? कोण बरं झालं?’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘पोट दाबून हात उचलल्यावर जास्त दुखलं तर काय समजायचं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.’

फोन करता आला असता. पण फोनला पदुमच्या दुकानात उभं राहावं लागतं आणि मागे चार माणसं ऐकत असतात. हे चार माणसांत बोलायचं नाही.

तुझा बाप, माझा आचो, म्हणजे थोरला भाऊ मोरुप, गेला तेव्हा तू चार वर्षांची होतीस. त्याचा चेहरा तुला आठवत नाही म्हणतेस. फोटो नाही, तेव्हा माझ्याकडून ऐक. उंच होता. डावा पाय थोडा ओढायचा. तुला खांद्यावर घेऊन छपरावर गवत पसरायचा. गावात कोणाचं भांडण झालं की त्यालाच बोलवायचे. आणि माझ्याशी तो कधी धड बोलला नाही. हेही खरं आहे.

घर थोरल्याचं, हे आपल्याकडे ठरलेलंच. मला आठव्या वर्षी गुंफेत लामा व्हायला दिलं. पंधराव्या वर्षी मी तिथून पळालो. घरी आलो तर आचोने दारातच विचारलं, “कपडे कुठायत?” म्हणजे लाल कपडे. मी म्हटलं, टाकले. तो म्हणाला, “मग जिथे टाकलेस तिथेच जा.” मी लेहला गेलो. आधी ओझी वाहिली, मग पर्यटकांच्या तंबूत स्वयंपाक केला, गोऱ्यांची भाषा कानाने शिकलो. घर सोडल्याच्या बाराव्या वर्षी एका कंपनीने मला पहिल्यांदा म्होरक्या केलं. पाच डच पाहुणे, सहा घोडे, पदुम ते दारचा, शिंगो ला ही खिंड ओलांडून. मी मुद्दाम तिसरा मुक्काम आपल्या गावात ठेवला. आपल्याच घरात.

कशासाठी, तुला कळलं असेल. मला दाखवायचं होतं.

आलो. पाहुणे चुलीपाशी बसले आणि त्यांना समजावून सांगायचं म्हणून मीही त्यांच्या शेजारी, वरच्या जागेवर बसलो. आचो आत आला, बघितलं आणि धाकट्याला मारतात ती हाक मारून सगळ्यांसमोर म्हणाला, “नोनो, खाली सरक.”

मी म्हटलं, “मी यांचा म्होरक्या आहे, आचो.”

“यांचा असशील. इथे दारापाशी बस. ती जागा घरच्या माणसाची आहे.”

पाल्दन हसला. घरात जमलेले शेजारी हसले. पाहुण्यांपैकी कोणीतरी मला विचारलं, हे काय म्हणाले? मी सांगितलं, “म्हणाले, आराम कर, दमला असशील.” आणि दारापाशी जाऊन बसलो. त्या दिवशी याकचं मटण होतं. आचोने पाहुण्यांना स्वतःच्या हाताने वाढलं. माझ्या ताटात वाढताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी आचो वाकूनच चालत होता. घाम फुटला होता, ओकून झालं होतं. आनेकेबाई डॉक्टर होती. तिने त्याला गच्चीवर उन्हात निजवलं, पोट दाबलं. तो गप्प होता. तिने हात उचलला आणि तो ओरडला. आईने ही गोष्ट तुला कितीदा सांगितली आहे. याच्या पुढे बाई खरं काय म्हणाली, ते मात्र तिलाही माहीत नाही.

आनेकेबाई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “आतडं पिकलं आहे. आजच निघायला हवं. आपले दोन घोडे घ्या, मी त्याच्यासोबत पदुमपर्यंत जाते, तिथून जीपने कारगिल. माझा ट्रेक संपला तरी चालेल. उशीर झाला तर हा मरेल. एक शब्दही न गाळता त्यांना सांग.”

गच्चीवर तुझी आई होती, तू होतीस, पाल्दन होता, शेजारी होते. त्या सगळ्यांत दोन्ही भाषा समजणारा मी एकटा.

घोडे कमी पडले असते, खिंडीवर बर्फ येणार होतं, म्होरक्या म्हणून माझी पहिलीच वेळ होती, हे सगळं मी पुढे स्वतःला खूपदा सांगितलं. त्यातलं काहीही त्या क्षणी डोक्यात नव्हतं. आचो खाली निजला होता आणि मान वर करून माझ्याकडे बघत होता. जन्मात पहिल्यांदा तो खाली होता आणि मी वर.

“काय म्हणते रे ती?” त्याने विचारलं. आवाज मऊ होता.

मी म्हटलं, “म्हणते, काल मटणावर ताव मारलास, ते आज बाहेर पडायला बघतंय.”

गच्चीवर हसू फुटलं. आचोसुद्धा पोट धरून हसला. “एवढं सांगायला सात समुद्र ओलांडून आली होय!” म्हणाला.

बाई चक्रावून बघत राहिली. हसतात का हे? मी तिला सांगितलं, “तो नाही म्हणतोय. कापणी तोंडावर आली आहे. आमचा आम्ची वैद्य आहे, त्याच्यावर यांचा विश्वास आहे.” ती रागावली. तिने आचोचा हात धरला, घोड्यांकडे बोट दाखवलं, खोऱ्याच्या खालच्या दिशेला दाखवलं. आचो म्हणाला, “घोडे कशाला दाखवते?” मी म्हटलं, “निघायची घाई झाली आहे तिला.”

मग तिने पेटीतून गोळ्या काढल्या. दिवसातून तीनदा, सात दिवस, एकही चुकवायची नाही. मी तुझ्या आईला सांगितलं, “दुखलं तर एखादी दे.”

आम्ही निघालो. तिसऱ्या दिवशी खिंडीच्या पायथ्याशी बाई पुन्हा माझ्याकडे आली. म्हणाली, एक माणूस मागे पाठव, मला राहवत नाही. पाल्दन तिथेच घोड्याचा पट्टा आवळत होता. त्याने विचारलं, “काय म्हणते? कुणाला मागे जायचंय का? मी जातो की, उद्या पोचेन.” मी म्हटलं, “उद्या ताजं दूध मिळेल का, विचारते.” चोरोल, तेव्हा आचो जिवंत होता. गच्चीवरचं एक वेळ तोंडातून निसटलं म्हणता येईल. हे निसटलेलं नव्हतं.

दारच्याला बाई माझ्या गळ्यात पडून रडली. तुझा भाऊ हट्टी आहे, म्हणाली, तू तरी काय करणार.

परत आलो तेव्हा आचोला जाळून आठ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी दुखणं एकदम थांबलं होतं म्हणे. तो उठला, जेवला, शेतावर गेला. गोळ्यांनी गुण आला म्हणून सगळे खूश. मग ताप चढला. आतडं आत फुटलं होतं; तसं झालं की दुखणं का थांबतं, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आम्चीने कौल दिला, झऱ्याचा ल्हू, पाण्यातला देव, कोपला. पाहुण्यांसाठी याक कापला तेव्हा तुझ्या आईने आतडी झऱ्यात धुतली होती.

आणि मी तसंच चालू दिलं.

रीतीप्रमाणे धाकट्याने थोरल्याचं घर आणि संसार धरला. तुझ्या आईने मला ‘ये’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही. मी वरच्या जागेवर बसलो. तू पुढच्याच हिवाळ्यात मला आबा, म्हणजे बाप, म्हणायला लागलीस. पश्चात्तापाने पोखरून निघालो, असं लिहिलं तर तुला कदाचित बरं वाटेल. तसं झालं नाही. मी सुखात होतो. तुला पाठीवर घेऊन नदी ओलांडायचो तेव्हा, तुझ्या शाळेसाठी लेहला गेलो तेव्हा, मला वाटायचं हे सगळं माझंच होतं, मधे थोडे दिवस दुसऱ्याकडे होतं एवढंच. दर वर्षी बाईचं कार्ड यायचं आणि मी उत्तर धाडायचो, ‘माझा भाऊ मजेत आहे. यंदा जव चांगले आलेत. तो तुम्हाला जुले सांगतो.’

आज इथेच थांबतो. आई हाक मारते आहे.

२१ जुलै

हे पत्र आधी तुला पाठवावं आणि आईला कधीच सांगू नये, असा बेत होता. काल सकाळी तो मोडला. आई चुलीवर जव भाजत होती. मला म्हणाली, “पोरीच्या पत्राचं दुसरं पान तू वाचलंच नाहीस. दोन पानं होती, मी बघितली.” मी ते वाचलं. मग हेही सगळं वाचलं, पहिल्यापासून. एकही शब्द गाळला नाही.

ती जव हलवत राहिली. करपायला लागले तेव्हा कढई उतरवली.

“बाई म्हणाली, आजच निघा?”

“हो.”

“आणि तू मटणाचं सांगितलंस.”

“हो.”

“सगळे हसले होते.”

“हो.”

“मीपण हसले होते,” ती म्हणाली. “मोठ्याने हसले होते.”

मग तिने विचारलं, “म्हणजे मी झऱ्यात आतडी धुतली, त्याचं काहीच नव्हतं?”

“नव्हतं.”

“सोळा वर्षं मी झऱ्यावर दूध वाहते आहे.”

“हो.”

“दुधाचं भांडं तूच धरायचास. दर वर्षी. मी ल्हूची माफी मागायची आणि तू शेजारी उभा राहून भांडं धरायचास.”

तुझ्या आईला मी कधी ओरडताना पाहिलं नाही, कालही ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने भाजलेले जव पोत्यात भरले आणि म्हणाली, “दुसऱ्या दिवशी त्याला बरं वाटलं तेव्हा उरलेल्या गोळ्या मीच डब्यात ठेवल्या. हिवाळ्यात कोणाला लागतील म्हणून. त्या सगळ्या दिल्या असत्या तर वाचला असता का?”

मी म्हटलं, “नाही. नुसत्या गोळ्यांनी वाचला नसता.”

“तुझ्या तोंडून नको,” ती म्हणाली. “पोरीला विचार. ती शिकली आहे.”

म्हणून विचारतो आहे. खरं असेल तेच लिही. मला माहीत आहे, हा प्रश्न तुझ्या माथी मारतो आहे तोही मीच.

त्यानंतर ती म्हणाली, “आज पाण्याची पाळी आपली आहे. जा, पाट फोड.” मी गेलो, दिवसभर शेतात पाणी धरलं. परत आलो तर ताट दारापाशी होतं. तिने ठरवलं आहे ते असं: कापणी आणि मळणी होईपर्यंत मी राहायचं, कारण एकटीने ते होणार नाही. छपराची माती लिंपून द्यायची. मग जायचं. कुठे, ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गावात कोणाला काय सांगायचं ते ती बघेल. तू त्याआधी येऊ नकोस, असं तिचं सांगणं आहे. परीक्षा बुडवू नकोस. मला जाताना बघायला तर मुळीच येऊ नकोस.

आनेकेबाईचा पत्ता सोबतच्या कागदावर आहे. ती शहात्तर वर्षांची आहे. यंदाच्या कार्डात लिहिते, गुडघे गेले, आता डोंगर चढणं नाही, पण तुमच्या भावाचा विचार मनात आला की वाटतं, एक तरी चूक देवाने सुधारून घेतली. तिला खरं कळवायचं की नाही, ते तू ठरव. कळवायचं असेल तर तूच लिही. तुमच्या कोणाच्याही मधे आता मी नको.

तुझ्या पत्राचं उत्तर आईच्या नावाने पाठव. शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेईन, असं ती म्हणाली आहे.

तुझ्या वडिलांचा धाकटा भाऊ,
गुर्मेत