नाथाजीचा ऊस आणि देवयानी

शिराळा,
डिसेंबर १९९७

प्रिय शकू,

इतक्या वर्षांच्या संसारात मी तुला कधी 'प्रिय' लिहिलं नाही. 'सौ. शकुंतला हिस अनेक आशीर्वाद' असंच लिहीत आलो, जणू काही तू माझ्या डेपोतली वाहक आणि मी एस.टी.चा कंट्रोलर तुझी रजा मंजूर करतोय. आता शब्द लिहून झाला आहे आणि कागदाने पेट घेतलेला नाही, तेव्हा पुढे लिहितो. सोबत एक फोटो आहे. तो सूनबाईला खुशाल दाखव. पत्र मात्र तूच वाच, आणि सई झोपली असेल तेव्हा सावकाश वाच.

सईच्या बारशाला म्हणून सांगलीला गेलीस आणि तिथलीच झालीस. सूनबाईची बँक, चिरंजीवाची फिरती, पोरीला कोण सांभाळणार, हे सगळं मला कळतं. दसऱ्याला तू विचारलंस की आता तुम्ही कधी येणार, तर मी कळवलं, नाथाजीचा ऊस तुटल्याशिवाय येत नाही. त्यावर तुझं उत्तर आलं: रान नाथाजीचं, ऊस नाथाजीचा, त्यात तुमचं काय अडलंय? आणि खाली बारीक अक्षरात, 'इथल्या खिडकीतून आकाश दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. यायचं नसेल तर तसं लिहा. मी पुन्हा विचारणार नाही.' तू खरंच पुन्हा विचारलं नाहीस. नंतरच्या पत्रांत सईचे दात आले, लिंबाचं लोणचं मुरलं, समोरच्या बिऱ्हाडाची भांडणं मिटली. मी कधी येतो, हे मात्र कुठेच आलं नाही. तू भांडली असतीस तर बरं वाटलं असतं. म्हणून आधी उसाचा खुलासा करतो.

वाईला शाळेत होतो तेव्हा कविता शिकवणारे मास्तर आम्हाला संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर न्यायचे. कविता पाठ झाली की बक्षीस म्हणून एक नक्षत्र दाखवायचे. मला पाठांतराची हाव, त्यामुळे लवकरच त्यांची नक्षत्रं संपत आली. मग एका कार्तिकात त्यांनी शर्मिष्ठेच्या टोकाशी बोट धरून देवयानीतला एक पुसटसा डाग दाखवला. (ज्या दोघींचं जन्मभर पटलं नाही, त्यांतल्या एकीच्या बोटाने दुसरी सापडावी, ही आकाशातली गंमत.) मास्तर म्हणाले, हा तारा नव्हे. ही दीर्घिका. आपली आकाशगंगा जशी ताऱ्यांची एक वसाहत, तशी ही दुसरी, आपल्या वेशीबाहेरची. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही, असं आई सांगायची. तेव्हापासून तो डाग एकदा कागदावर धरावा, असं मनात होतं. एस.टी.च्या नोकरीत राहून गेलं. यंदा मार्चमध्ये तो शेपटीवाला धूमकेतू रोज संध्याकाळी दिसायला लागला आणि जुनी खोड वर आली. पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेलो होतो, तिथल्या वाचनालयात ताऱ्यांचे फोटो कसे घ्यावेत यावरचं एक पुस्तक सापडलं. चिरंजीवाचा जुना रशियन कॅमेरा माळ्यावरून काढला. दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक लांब बोल्ट, एवढ्यावर यंत्र तयार झालं.

तुला हसू येईल, पण ते यंत्रच आहे. आकाश सारखं सरकत असतं आणि डाग इतका फिका की कॅमेऱ्याचा डोळा काही मिनिटं उघडा ठेवावा लागतो. मग तारे हलल्यासारखे येतात. म्हणून कॅमेरा वरच्या फळीवर बसवायचा आणि बोल्ट हळूहळू पिळून फळी आकाशाच्या चालीने उचलायची. अट एकच: बिजागरीचं टोक नेमकं ध्रुवाकडे हवं. आणि आपल्याकडे ध्रुव पार खाली, उत्तरेला, बरोब्बर अंगणासमोर नाथाजीच्या उसात. दोन पुरुष वाढलेला ऊस, आपली कौलं, गच्ची नाही. ऑक्टोबरात अंदाजाने एकदा करून पाहिलं, तर फोटोत ताऱ्यांच्या शेवया आल्या.

मग रोज सकाळी बांधावर जाऊन मी नाथाजीला विचारायचो, कारखान्याची तोडीची चिठ्ठी आली का. तो वैतागला. "आवं नाना, माज्या उसाची मला न्हाई तेवढी घाई तुमाला लागलीया. चिठ्ठी काय तुमच्या ताऱ्यांस्नी बघून येती व्हय?" त्याची मनुबाई गोठ्यातून ओरडली, "वैनीस्नी लवकर बोलवून घ्या, नाना आता उसाशी बोलाय लागल्यात." त्यात खोटं फारसं नव्हतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी तोडीची टोळी आली, गाड्या भरून निघून गेली, आणि दिवेलागणीला मी अंगणात उभा राहिलो तर समोर सगळं मोकळं. पाचटाचा वास, लांब डोंगराची रेघ आणि तिच्यावर ध्रुव. आपल्या लग्नात भटजींनी तुला ध्रुव दाखवला होता, आठवतं? तू गंभीरपणे मान हलवलीस आणि महिन्याभराने मला सांगितलंस की काही दिसलं नव्हतं, भूक लागली होती. मला तेव्हाही हसू आलं होतं, त्या संध्याकाळी एकट्याला पुन्हा आलं.

अमावास्येला सात वाजता लाइट गेली. सगळं गाव बोर्डाला शिव्या घालत असताना मी मनातून त्यांना धन्यवाद देत होतो. नाथाजी घोंगडं घेऊन मदतीला आला. आता अडचण बोल्टची. तो ठराविक वेळाने पाव फेरा पिळायचा, आणि बॅटरी लावून घड्याळ बघावं तर फोटो खराब होतो. नाथाजी म्हणाला, "मी मोजतो की. फौजेत पोरांची परेड घेतलीया मी." आणि त्याने 'एक दो एक' असा आवाज लावला की गल्लीतली कुत्री सावधान उभी राहिली. मी हात जोडले. म्हटलं, मी कविता म्हणतो, एका कडव्याला पाव फेरा. भुजंगप्रयातातली घेतली, त्याची चाल सरळ असते. पण आवडतं कडवं आलं की मी धावायला लागतो, आणि करुण आलं की मला पुढे जाववत नाही. दोन कडव्यांतच नाथाजी म्हणाला, "गडबड हाय नाना. तुमची गाडी उताराला लागली की थांबतच न्हाई." ते चित्र फुकट गेलं.

मग तू आठवलीस. क्वार्टरमधल्या त्या काळ्या स्वयंपाकघरात भाकरी थापताना तू शाळेतल्या कविता म्हणायचीस. एका ओळीला दोन थापा. युद्ध असो, विरह असो, कोणी मरो, तुझी थाप बदलायची नाही. कारण भाकरी गोल व्हायला हवी. मी चिडवायचो, की शकू, कवीने जीव काढून ठेवलाय आणि तू पीठ झटकतेस. तर ती तुझी चाल मी धरली. माझी नाही, मास्तरांची नाही, तुझी. डोळे मिटले, तुझ्या हाताचा आवाज ऐकत गेलो आणि कडव्यामागून कडवं पाव फेरा देत गेलो. बावीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आपल्या अंगणात उतरत होता आणि मी तुझ्या भाकऱ्या मोजत होतो. झाल्यावर नाथाजी म्हणाला, "आता पडली बघा परेड."

आता फोटोचं ऐक. रोल इस्लामपूरला केरबाच्या स्टुडिओत दिला. केरबाचा हात लग्नाच्या फोटोंवर बसलेला. नवरीच्या गालावरचे कांजिण्यांचे व्रण, नवऱ्याच्या कपाळावरचा तीळ, सगळं बारीक ब्रशने नाहीसं करतो. आठवड्याने गेलो, तर बिचारा ओशाळून उभा. म्हणाला, "नाना, रोल धुताना कायतरी चुकलं माजं. फोटोभर पांढरं ठिपकं पडलं हुतं. दोन दिस बसून एकेक बुजवलं. मधला एक डाग तेवढा न्हाई गेला, लयच पसरट हाय. तेवढा सांभाळून घ्या, पैसं नगा देऊ." मी फोटो हातात घेतला. सगळा काळा. एकही तारा शिल्लक नाही. आणि मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी, तिरपी, मऊ कडांची, आपली देवयानी.

शकू, मी त्या दुकानात खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. गिऱ्हाइकं बघायला लागली. कारण असं आहे, की फोटोतले ते सगळे ठिपके आपल्याच वसाहतीतले, अलीकडचे. पलीकडचा होता तो एकटा डाग. केरबाने नकळत आपल्या गावचे सगळे दिवे मालवले आणि परगावचा तेवढा ठेवला. त्याला हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे डाग ऱ्हायला त्येच बरं झालं म्हना की." मी पैसे दिले आणि निगेटिव्हवरून ताऱ्यांसकट एक प्रत माझ्यासाठी वेगळी करून घेतली. ती कदाचित जास्त खरी असेल. तुला मात्र केरबाची पाठवतोय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फोन नाथाजीकडे आहे, पण सांगलीला तो चिरंजीव उचलतो, आणि विचारलं तू होतंस, तेव्हा उत्तर पहिल्यांदा तुलाच कळायला हवं. मी येतोय. चिरंजीवाला वाटेल थंडीपुरता आलो. त्याला तू सवडीने सांग, की कायमचा. घराची किल्ली मनुबाईकडे दिली, पलीकडच्या खोलीत ती कडबा रचणार आहे. खिडकीचं म्हणशील तर मी मागच्या खेपेला उभा राहून पाहिलं आहे. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, आणि दुपारी तिच्यावर पोपट बसतात. मला पुष्कळ झालं. स्वयंपाकघरात कोपऱ्यात एक पाट ठेव, म्हणजे तू थापशील तेव्हा मला जवळ बसता येईल. रविवारी दुपारच्या गाडीने निघतो. स्टँडवर तू एकटीच ये, सईलाही आणू नकोस. घरी जायच्या आधी आपण दोघं कुठेतरी बाकावर बसून भडंग खाऊ. तुझ्या दातांना चालत नसेल तर तू चहा घे आणि मी खातो तेवढा वेळ जवळ बस.

तुझाच,
गंगाधर