पुष्पांजलीचं गवत

धाड, पोळ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप भगवानमामांना जावई इंद्रभानचा धाडहून वाकून नमस्कार. मामींचे गुडघे आता कसे आहेत? तुमचा खोकला एव्हाना गेला असन. पुष्पांजली डोणगावले सुखरूप पोचली, हे मले तिच्याकडून नाही, एस.टी.च्या कंडक्टरकडून समजलं. ती काऊन आली, हे तिनं सांगितलंच असन. आता माझी बाजूही ऐका.

तिले अंगणात गवत पाहिजे होतं, खुर्ची टाकून चहा प्याले. (मामा, गवत! ज्याच्यापायी आपण जन्मभर कंबरडं मोडून घेतलं, ते इकत आणून पेराचं!) मी म्हटलं, मिरगात पेरू. पण पाकिटावर लिहेल होतं की बाराही महिने पेरता येते, अन् पाकिटापुढं नवऱ्याचं कोण ऐकते? चैतात पेरलं. अर्धं चिमण्यांनी खाल्लं, अर्धं उन्हानं भाजलं. सारं गाव टँकरची वाट पाहून राह्यलं अन् मी गवताले पाणी घालून राह्यलो, म्हणून आयाबाया तोंडाले पदर लावून हासत.

मग मिरगात दुसरं पाकीट टाकलं. काय गवत आलं, मामा! पुष्पांजली सकाळ-संध्याकाळ तिथंच. पाहुण्यांनाही चपला काढाले लावे. खोटं कशाला बोलू, मलेही बरं वाटे.

अन् श्रावणात शालिग्रामचा, म्हणजे आमच्या शेताच्या शेजाऱ्याचा, फोन आला. विषय सोयाबीनवरची अळी. हा माणूस बोलाले लागला की थांबत नाही. मी उकिडवा बसलो अन् ऐकत ऐकत पुढं सरकत गेलो. फोन ठेवला तेव्हा सारं अंगण शेतातलं तण उपटावं तसं निंदून साफ, अन् गवताचा ढीग गाय खाऊन राह्यली. निंदलं बाकी झकास होतं, एक मूळ मागं नाही. (हे तिच्यापुढं बोलाले नको होतं.)

पुष्पांजली रडली नाही. पिशवी भरली अन् म्हणाली, "तुमच्या हाताले एक दिवस मीही तण वाटीन. गवत उगवलं की फोन करा."

आता पाऊस सरत आला. थंडीत हे बी रुजत नाही. म्हणजे थेट पुढचा मिरग. तोवर घरात मी अन् गाय, अन् आमचं एकमेकांशी बोलणं बंद आहे.

आपला,
इंद्रभान

ता.क. कालच तिसरं पाकीट पेरलं. हंगाम नाही हे मले समजते, पण मिरगापर्यंत मले थांबवत नाही. उगवलं तर माझ्या हातावर नजर ठेवाले माणूस पाहिजे, अन् ते काम दुसऱ्या कोणाले जमणार नाही. नाही उगवलं, तरी तिले पाठवा. तिच्याबिगर घर खाले उठते.

ता.क. २. हे पत्र तिले दाखवू नका. दाराआड उभी असन, तर वरचं ता.क. पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं वाचा.