मामंजींचा कंबरपट्टा आणि रकाना क्रमांक सात

प्रति,
मा. उपसंचालक (नमुना तपासणी),
वैद्यकीय उपकरणे परीक्षण कार्यालय,
पहिला मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे केबिन.

विषय : लघवीची पूर्वसूचना देणारा कंबरपट्टा आणि डोळे तपासणीचे फिरते पिंप हे तपासणीसाठी दिलेले दोन्ही नमुने परत मिळणेबाबत, ते जमत नसल्यास निदान त्यांचा अहवाल पूर्ण होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. २) आपले पत्र जा. क्र. १९१ (अथवा ९१९, परिच्छेद ४ पाहावा).

महोदय,

अर्जदाराचा पहिला अर्ज खिडकीवरूनच परत आला होता. त्यात 'मी' हा शब्द सतरा वेळा होता, आणि खिडकीवर चिकटवलेल्या सूचनेनुसार अर्जात 'अर्जदार' असेच लिहावे लागते. ती चूक पुन्हा होणार नाही. तरी खाली 'अर्जदार' असे येईल तिथे शिवणकाम करणारी, अठ्ठेचाळीस वर्षांची, एक मशीन, एक वायरमन नवरा, एक मुलगी आणि एक सासरे असलेली बाई समजावी, ही विनंती. सासऱ्यांना अर्जदार मामंजी म्हणते. ऐकून ऐकून आता सगळी गल्लीच त्यांना मामंजी म्हणते, आणि त्यांचीही त्याला हरकत नाही.

१. मामंजी हे निवृत्त घड्याळजी असून त्यांचे वय एकोणऐंशी आहे. चाळीस वर्षे त्यांनी केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवल्या. पुढे नजर मंदावली, आणि त्याच सुमारास लघवीवरचा ताबाही सुटू लागला. संकटे कधी एकटी येत नाहीत म्हणतात, ते खरे असावे. चष्म्याच्या डॉक्टरांकडे गेले की तक्त्यावरची पहिली ओळ होई, दुसरी होई, तिसरीला मामंजी उठत. परत येऊन बसले की डॉक्टरांची मदतनीस बाई पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करी, कारण तपासणी वरूनच सुरू करायची असते असा तिथला शिरस्ता होता. असे अकरा वर्षे चालले. पहिल्या तीन ओळी मामंजींना पाठ झाल्या आणि चष्म्याचा नंबरही तेवढ्यापुरताच मिळत राहिला. त्यामुळे त्यांना दुकानाची पाटी वाचता येई, पण दुकानात काय ठेवले आहे ते दिसत नसे.

त्याहून वाईट गोष्ट निराळीच होती. कुठे गेल्यावर फजिती होईल या धास्तीने मामंजी दर पंधरा मिनिटांनी उगाचच जाऊन येत. पुढे पुढे तर कुठे जाणेच सोडले. लग्नकार्याला म्हणत, गर्दी सोसवत नाही. नाटकाला म्हणत, "मला नाही बाई त्या नाटकाबिटकाची आवड." कोल्ह्याला द्राक्षे आंबट, हे अर्जदाराला कळत होते, पण सुनेने सासऱ्याला ते कोणत्या तोंडाने विचारावे? शेवटी एक दिवस वाळत घातलेल्या धोतराकडे बघत मामंजी आपणहूनच म्हणाले, "सूनबाई, तुझ्या मशीनवर यावर काही इलाज शिवता येतो का गं?" त्या दिवसापासून अर्जदार संशोधक झाली.

२. कंबरपट्टा पुढीलप्रमाणे : परकराच्या रुंद इलॅस्टिकचे दोन पदर, त्यांवर समोरासमोर दोन पितळी टिचबटणे, मध्ये बोटभर फट. ओटीपोट भरत आले की आतला पदर बाहेर ढकलला जातो, बटणे एकमेकांना चिकटतात आणि घंटा वाजते. तेव्हापासून हातात साधारण दहा मिनिटे उरतात. घंटा नवऱ्याने एका जुन्या घराच्या दारावरून काढून आणलेली होती. तिचा आवाज 'टिंग-टाँग' असून शेवटी तिला एक उचकी लागते. ही उचकी दुसऱ्या कुठल्याही घंटेला नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

सुरुवातीला अडचणी आल्या, त्या लपवण्यात अर्थ नाही. जेवणानंतर घंटा वाजे. शिंक आली की वाजे. मामंजींना हसू आले तर थांबतच नसे. पहिल्या आठवड्यात अर्जदाराने अकरा वेळा धावत जाऊन दार उघडले. त्यांपैकी दहा वेळा बाहेर कोणी नव्हते. अकराव्या वेळी दूधवाला होता, पण त्याने घंटा वाजवलीच नव्हती, त्यामुळे तोच दचकला. पुढे अर्जदाराने जेवणाच्या पोटासाठी वरच्या बाजूला दुसरे इलॅस्टिक लावले आणि नवऱ्याने एक काळे बटण बसवले. ते खाली केले की घंटा बंद राहते आणि नुसती गुदगुली होते. एवढे झाल्यावर मामंजी पट्टा लावून प्रथमच दीड तास एका जागी बसले. उठले तेव्हा त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. मुंग्या येण्याचा एवढा आनंद झालेला माणूस अर्जदाराने पाहिलेला नाही.

३. डोळे तपासणीच्या पिंपाची कल्पना पट्ट्यातूनच निघाली. पत्र्याच्या पिंपाला अक्षरांच्या आठ ओळी चिकटवल्या, त्यावर फट ठेवलेले खोके बसवले, आणि पिंप शिवणयंत्राच्या पायट्याला जोडले. पायटा मारला की एकेक ओळ फटीत येते. माणूस मध्येच उठला तर पिंपाला टाचणी लावून ठेवायची. परत आल्यावर टाचणीपासून पुढे. अक्षरांच्या पट्ट्या बदलता येतात, त्यामुळे पाठांतराचा उपयोग होत नाही. चष्म्याच्या डॉक्टरांनी आधी नाक मुरडले, मग स्वतःच पायटा मारून पाहिला, मग सोडवेना. मामंजी तपासणीत दोनदा उठले, दोनदा परत आले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आठव्या ओळीपर्यंत पोचले. आठव्या ओळीत 'ठ' होता. तो दिसल्यावर त्यांना हुंदका आला आणि हुंदक्याने घंटा वाजली. नव्या नंबराचा चष्मा चार दिवसांत मिळाला. त्यांनी पहिल्यांदा सुनेकडे पाहिले आणि म्हणाले, "अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?"

४. आता गाऱ्हाण्याकडे येते. सात महिन्यांपूर्वी दोन्ही नमुने आपल्या कार्यालयात रीतसर जमा केले. त्या वेळी अर्जदाराने हमीपत्र लिहून दिले, की निर्णय होईपर्यंत दुसरा नमुना बनवणार नाही आणि वापरणार नाही. सोबत 'उपकरणाच्या परिणामाचा पुरावा' जोडावा असे होते. अर्जदाराने फार विचार न करता मामंजींचा नवा चष्माच जोडला. नवऱ्याने तेव्हा कपाळाला हात लावला होता, पण कागद पूर्ण असावेत असे अर्जदाराला वाटले. आज मामंजींकडे पट्टाही नाही आणि चष्माही नाही. तो चष्मा याच अर्जाच्या फाइलला दोऱ्याने बांधलेला अर्जदाराने स्वतः पाहिला आहे.

पिंपाची तपासणी मात्र झपाट्याने झाली, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. ते आवक-जावक विभागात ठेवले असून तिथल्या सर्वांनी त्यावर डोळे तपासून घेतले. त्यात जावक लिपिकांना समजले, की दोन वर्षे ते एक आणि नऊ यांची सरमिसळ करत होते. ते मोकळ्या मनाचे गृहस्थ आहेत. त्यांनी स्वतःच सांगितले, "बाई, तुमचं पत्र १९१ की ९१९ हे आता देवच जाणे." म्हणून संदर्भात दोन्ही दिले आहेत.

५. कंबरपट्ट्याविषयी लिहिताना अर्जदाराचा हात जड होतो. नियमाप्रमाणे नमुना कार्यालयातील व्यक्तीने नव्वद दिवस वापरून पाहायचा असतो. नव्वद दिवस केव्हाच उलटले. अर्जदार नऊ वेळा कार्यालयात आली. प्रत्येक वेळी वरिष्ठ लिपिकांनी सांगितले, की पट्टा सापडत नाही, शोध चालू आहे. आणि नऊपैकी सहा वेळा ते असे सांगत असतानाच जिन्याच्या डाव्या हाताच्या केबिनमधून 'टिंग-टाँग' असा आवाज आला आणि शेवटी उचकी लागली. शिपाई मुख्य दार उघडायला गेला. बाहेर कोणी नव्हते. तोवर केबिनमधून आपण लगबगीने बाहेर आलात, अर्जदाराकडे न पाहता गेलात आणि थोड्या वेळाने फार प्रसन्न चेहऱ्याने परतलात.

यावरून अर्जदार कोणताही निष्कर्ष काढत नाही. निष्कर्ष काढणे हे कार्यालयाचे काम आहे. परंतु पट्टा ज्या कुणाकडे असेल त्यांच्या माहितीसाठी काही गोष्टी कळवणे हे तो शिवणारीचे कर्तव्य आहे. काळे बटण आतल्या बाजूला डाव्या बरगडीखाली आहे. ते खाली केले तर सभेत घंटा वाजणार नाही आणि शिपायाचेही हेलपाटे वाचतील. सेल दर दोन महिन्यांनी बदलावा. पट्ट्यावरची खोळ कोमट पाण्यात धुवावी, पिळू नये. जेवल्यावर वरचे इलॅस्टिक एक बटण सैल करावे. आणि पट्टा मामंजींच्या कंबरेच्या मापाचा आहे, ते सडसडीत आहेत. अन्य कुणाला तो काचत असेल तर सहन करत बसू नये.

६. मागच्या खेपेला वरिष्ठ लिपिकांना अर्जदाराची दया आली आणि त्यांनी फाइल उघडून दाखवली. अहवालाच्या नमुन्यात बारा रकाने आहेत. अकरा भरलेले आहेत. 'उपयुक्तता' समोर 'अत्यंत' असे लिहून दोनदा अधोरेखित केले आहे. 'सूचना वेळेवर मिळते काय' समोर 'प्रत्येक वेळी, ईश्वराची कृपा' असे आहे. फक्त रकाना सात कोरा आहे : 'उपकरण प्रत्यक्ष कोणी वापरले? नाव, हुद्दा, त्रासाचे स्वरूप व कालावधी.' अहवाल अपुरा म्हणून मंजुरी नाही, मंजुरी नाही म्हणून पट्टा परत नाही, आणि हमीपत्रामुळे दुसरा शिवता येत नाही. वरिष्ठ लिपिक हळूच म्हणाले, "बाई, हा रकाना या इमारतीत कुणीच भरणार नाही. लोक काय म्हणतील?"

अर्जदार रागाने आली होती, ती राग विसरून घरी गेली. लोक काय म्हणतील यापायी एका माणसाने अकरा वर्षे घरात काढलेली तिने पाहिली आहेत.

७. तरी निकड अशी आहे. येत्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात अर्जदाराच्या मुलीचे नाटक आहे. नाटक पावणेदोन तासांचे असून मध्यंतर नाही. मुलीचे काम न्यायाधीशाचे आहे आणि ती शेवटच्या वीस मिनिटांत येते. आजोबांनी आपल्याला रंगमंचावर पाहावे, एवढा एकच हट्ट तिने धरला आहे. मामंजी म्हणतात, "मला नाही आवड." पण तिचे संवाद मात्र तिच्याबरोबर तेही पाठ करतात. पट्टा नसेल तर ते बसू शकणार नाहीत आणि चष्मा नसेल तर न्यायाधीश कोणता आणि आरोपी कोणता हे त्यांना दिसणार नाही.

म्हणून अर्जदाराने काल रकाना सातची हकिगत मामंजींना सांगितली. त्यांनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाले, "त्या साहेबांना सांग, माझं नाव घाला म्हणावं. वय, त्रास, किती वर्षांपासून, सगळं माझं लिहा. त्यांना अजून नोकरी करायची आहे, चार लोकांत वावरायचं आहे. माझं काय, मी लाजून झालोय." त्यांनी लगेच कागद मागवला आणि अर्जदाराने ओळ कुठे आहे ते बोटाने दाखवल्यावर स्वतः लिहिले. हमीपत्राआधी पट्टा त्यांनी खरोखरच वापरलेला असल्याने त्यात खोटे काहीच नाही.

तरी रकाना सात मामंजींच्या नावाने भरून घ्यावा, मंजुरी द्यावी आणि चष्मा शुक्रवारपर्यंत फाइलवरून सोडवून द्यावा. पट्टा परत मागण्याचा आग्रह अर्जदार आता धरत नाही. तो ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहू द्यावा. मंजुरी मिळाली की मामंजींसाठी दुसरा शिवायला अर्जदाराला एक दुपार पुरते.

घरातले सगळे शनिवारची वाट पाहत आहेत, इतके सांगून हा पाचवा अर्ज संपवते.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार
दिनांक : ११, मंगळवार

सोबत :
१. नवा सेल, दोन नग.
२. रुंद खोळ व जादा इलॅस्टिक. कंबर बेचाळीस धरली आहे. माप जाता-येता नजरेने घेतल्याने इंचभर इकडेतिकडे होईल.
३. शनिवारच्या नाटकाची एक प्रवेशिका, कडेची खुर्ची, दाराजवळ. मामंजींच्या शेजारची आहे.
४. मामंजींचे स्वहस्ताक्षरातील निवेदन, एक ओळ : "पट्टा मी वापरला. वेळेवर पोचलो."